कानात पाणी सोडण्याआधी हात विचारा

डोकं हललं की डोळे उलट दिशेला वळवणारा प्रतिक्षेप मेंदूच्या खोडातून चालतो, जेमतेम 10 मिलिसेकंदांत. त्यावर मोठ्या मेंदूचाही अंकुश असतो, आणि तो दोन्हीकडून सारखा नसतो. 2003 मध्ये जर्मनीत मारियान डीटरिश यांच्या गटाने पेट स्कॅनवर दाखवलं, की तोलाच्या कामाचा जोर उजवखोऱ्यांत उजव्या गोलार्धात दिसतो, डावखुऱ्यांत डाव्या. म्हणून कॅलरिक तपासणीच्या (कानात गरम-गार पाणी सोडून डोळ्यांचे झटके मोजायचे) केसपेपरवर हाताचा रकाना हवा.

"जेवता कुठल्या हाताने?" हा प्रश्न आपल्याकडे फुकट. डावखुरं पोरही ताटात उजवाच हात घालायला शिकलेलं असतं. लिहिण्याचा हातही पुष्कळांचा बदललेला. आदोळीचं (नारळ खवायच्या विळीचं) विचारूच नका, तिथे दोन्ही हात गुंततात. काडेपेटी ओढणं, दात घासणं, दगड भिरकावणं, कोयत्याने शहाळं सोलणं विचारा. मग उत्तरांचा आकडा काढा: (उजवे − डावे) ÷ एकूण × 100. +100 म्हणजे पक्का उजवखोरा.

तपासणीआधी 48 तास फेणी-दारू बंद. चक्करेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवायच्या. कानात आधी बघा: मळ असला तर काढा, पडदा फाटलेला असला तर पाणी नाही. पावसाळ्यात बुरशीही सापडते.

रुग्ण उताणा, डोकं 30 अंश वर. पाणी 44 आणि 30 अंश सेल्सिअस, 30 सेकंदांत 250 मिली. तापमान नळीच्या तोंडाशी मोजा; मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी 30 च्या वरच असतं, आणि मग गार पाण्याचा प्रतिसाद उगाच मंद येतो. डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या गॉगलखाली अंधार, डोळे उघडे. रुग्ण पेंगला की झटके दबतात, तेव्हा गोव्याचे बाराही तालुके म्हणायला लावा. धारबांदोड्याशी बहुतेक अडतात. दोन पाण्यांमध्ये किमान 5 मिनिटं.

समजा झटक्यांचा वेग (सेकंदाला अंशांत) उजवीकडे गरम 22, गार 18. डावीकडे 16 आणि 14. फरक (40 − 30) ÷ 70, म्हणजे 14 टक्के. साधारण 25 पर्यंत चालतो.

30 टक्के आला तर "डावखुरा आहे म्हणून" असं लिहून खपवू नका. हाताचा संबंध गोलार्धाशी. एका बाजूची कमतरता कानाची किंवा त्याच्या नसेची. आधी पाणी, मळ, पेंग तपासा आणि तोच कान पुन्हा करा.