मोडी शिकायचीय? तक्ता राहू द्या, आधी एक पत्र घ्या

काहीतरी नवं शिकायचं ठरलं की लोक आधी विषयांची यादी करतात. थोडा इतिहास, थोडं खगोल, जमलं तर फारसी. यादी वहीतच राहते. माझं म्हणणं उलट आहे. मोडी म्हणजे मराठीची जुनी, भरभर लिहायची लिपी. पेशवाईतलं एकच मोडी पत्र निवडा आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत लावा, म्हणजे वाचून उलगडा. पंचांग, नाणी, जमीनमहसूल, फारसी शब्द हे सगळं त्या एका कागदामागून आपणहून येतं.

मुळाक्षरांबद्दल फार लिहीत नाही. रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत हात बसतो. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं, तीही शक्यतो हात न उचलता. बोरू, म्हणजे बोरूच्या काडीची लेखणी, मिळाला तर उत्तम, नाहीतर साधं पेन चालतं. बाराखडी मात्र गाळू नका. काना लागला की बऱ्याच अक्षरांचा आकारच पालटतो, आणि र तर जागोजागी वेगळं रूप घेतो. २०१४ पासून युनिकोडमध्ये मोडी आली आहे, पण फॉन्टवर वाचायला शिकू नका. तिथे प्रत्येक अक्षर शहाण्यासारखं सुटं उभं असतं. दप्तरातल्या कारकुनाला एवढा वेळ नव्हता.

आता खरी अडचण. मुळाक्षरांचा तक्ता तोंडपाठ, बाराखडी घोटलेली, तरी अस्सल पत्र समोर आलं की एक ओळही लागत नाही. बहुतेक जण इथेच सोडून देतात. मीही इथे बराच काळ रखडले. वर्गात, ओळखीत, सगळीकडे एकच सल्ला मिळायचा: ‘सराव वाढवा, तक्ता पुन्हा लिहा.’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. अडचण अक्षरांत नसतेच, भाषेत असते.

मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. विरामचिन्हं नाहीत. इकार एकच, उकार एकच, म्हणजे ‘दिन’ आणि ‘दीन’ दिसायला सारखेच. आता ही ओळ बघा, मुद्दाम बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत देते: येथीलकुशलजाणूनस्वकीयकुशललिहितजावे. तुम्ही ती वाचलीत, कारण शब्द ओळखीचे आहेत. मोडी वाचणाराही तेच करतो. चार अक्षरं लागतात, उरलेली मायना, म्हणजे पत्राची ठरीव वाक्यं, माहीत असल्यामुळे कळतात. ‘राजमान्य राजश्री’, ‘विनंती उपरी’, ‘बहुत काय लिहिणे’ हे कानात बसलेलं असेल तर पत्राचा आरंभ आणि शेवट हातात येतो, मग मधला मजकूर दोन्ही बाजूंनी पोखरत जायचा.

म्हणून मुळाक्षरं बसली की मोडी पत्राला काही काळ हात लावू नका. आधी बाळबोधीत छापलेली जुनी पत्रं वाचा, मोठ्याने वाचा. पाा म्हणजे परगणा, ताा म्हणजे बहुधा तर्फ (दोन्ही जुने महसुली विभाग), अशी संक्षेपांची सवय तिथेच करून घ्या. अडलेल्या शब्दाला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. १८५७ ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर फुकट आहे आणि महसुली शब्द तिच्यात भरपूर सापडतात. लिपीच्या आधी भाषा, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

तारीख आली की लोक ती ओळ सोडून पुढे जातात. सोडू नका, सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं. समजा लिहिलंय ‘इहिदे सितैन मया व अलफ’. हे अरबी आकडे आहेत, एकं आधी आणि हजार शेवटी: १, ६०, १०० आणि १०००. बेरीज ११६१. हा शुहूर सन, जुन्या कागदांतली कालगणना. जूनच्या सुरुवातीला सूर्य मृगात गेला की तो सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणीबरोबर वर्ष उघडावं, हे वसुलीच्या हिशेबाला सोयीचंच. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ मधला पौष महिना जानेवारी १७६१ मध्ये पडतो. पानिपत! सनाच्या जोडीला ‘छ’ दिसला तर तो चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तारीख. एका ओळीत अरबी अंक, सौर वर्ष आणि चांद्र महिना. खगोल वेगळं शिकायला कशाला जायचं?

हिशेबाचे कागद त्या मानाने सोपे. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ साडेचार, ४॥। पावणेपाच. जमिनीच्या मापात २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा.

पहिलं पत्र कुठलं घ्यावं? घरच्या ट्रंकेतलं पणजोबांचं खरेदीखत नको. इंग्रजी अमलातलं, टाकाने (निबाच्या लेखणीने) घाईत खरडलेलं मोडी भल्याभल्यांना लागत नाही. पेशवेकाळातलं चिटणिसी वळणाचं अक्षर घ्या, ते नेटकं असतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशीच कागदपत्रं जमवत आलं आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. मूळ पत्राचं चित्र आणि त्याचं बाळबोध लिप्यंतर दोन्ही मिळत असेल तर तेच निवडा. आधी लिप्यंतर झाकून स्वतः लावा, मग ताडून बघा. न लागलेल्या जागी टिंबं द्या, अंदाजाने शब्द ठोकू नका. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी आहे, म्हणून नवशिकेही लोकांच्या नोंदी वाचून देऊ लागलेत. तो उद्योग तुम्ही करू नका. तिथे एका अक्षराने आडनाव बदलतं.

दुसरं पत्र निवडताना शक्यतो पहिल्याच कारकुनाच्या हातचं बघा. त्याचं र आणि त्याचा काना आता तुमच्या ओळखीचा असतो, त्यामुळे निम्मा वेळ वाचतो. हात बदलायचा तो तिसऱ्या-चौथ्या पत्राला.