आयटूसीचा क्लॉक वाढवताय? आधी या चुका टाळा

ओएलईडी डिस्प्ले स्लो वाटतो म्हणून आयटूसीचा, म्हणजे दोन वायरींवर चिप जोडायच्या पद्धतीचा, क्लॉक १०० चा ४०० किलोहर्ट्झ केला आणि आता आरटीसी (वेळ धरणारी चिप) भलतीच वेळ दाखवतोय, नाहीतर बोर्डच हँग होतोय. ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की समोरच्याने ओएलईडी म्हटलं की पुढचं वाक्य मीच बोलून टाकतो. फेब्रुवारी-मार्च लागला की ऐरोली, नेरूळ, खारघर, सगळीकडची फायनल इयरची पोरं प्रोजेक्टचा बॉक्स काखेत मारून येतात, सबमिशन परवावर आलेलं असतं आणि प्रत्येकाचं पालुपद एकच, "सर कोड बरोबर आहे, काल चालत होतं."

असेल बरोबर. पण कोडमध्ये तुम्ही ४००००० लिहिता ती नुसती मागणी असते. ती पुरी होणार की नाही ते वायर, पुल-अप (लाइनला वर ओढणारा रेझिस्टर) आणि बसवरची, म्हणजे त्या दोन वायरींवरची, सगळ्यात संथ चिप ठरवते.

बसवर कोण कोण आहे ते न बघता स्पीड वाढवणं

मोह कळतो मला. १२८ बाय ६४ च्या एसएसडी१३०६ चिपवाल्या ओएलईडीची एक फ्रेम म्हणजे १०२४ बाइट, प्रत्येक बाइटचे ८ बिट आणि वर एक ॲकनॉलेज (पोच), म्हणजे नऊ हजारांच्या वर क्लॉक. १०० किलोहर्ट्झला एक फ्रेम जायलाच ९० मिलिसेकंदांहून जास्त लागतात, ४०० ला तेच काम पंचवीसच्या आसपास. वाढवावासा वाटणारच. पण त्याच दोन वायरींवर डीएस१३०७ हा आरटीसी बसलेला असेल तर त्याची मर्यादा १०० आहे, आणि सोळा बाय दोनच्या एलसीडीच्या पाठीला जो पीसीएफ८५७४, म्हणजे एलसीडीला आयटूसीवर आणणारी चिप, चिकटवलेला असतो त्याचीही १००च. डेटाशीटमध्ये चक्क लिहिलेलं असतं हे. पण ते कोण उघडणार, व्हिडिओतला दादा म्हणाला ना ४०० कर!

मग काही जण जास्तच हुशार, ओएलईडीशी बोलताना ४०० आणि आरटीसीशी बोलताना परत १००. ॲडाफ्रूटची एसएसडी१३०६ लायब्ररी तुम्हाला न विचारता हेच करते, डिस्प्लेला डेटा पाठवताना ४००, काम झालं की १००. चालतं बऱ्याचदा. पण वायर तीच आहे, डीएस१३०७ च्या कानावर ते ४०० चं बोलणंही पडतंच, आणि आयटूसीच्या स्पेसिफिकेशनमध्येच म्हटलंय की १०० वाली डिव्हाइस ४०० च्या बसवर ठेवू नका, ती कुठल्या अवस्थेत जाऊन बसतील याचा नेम नाही. मी असल्या कसरती करत नाही, डीएस१३०७ काढतो आणि डीएस३२३१ लावतो, त्याला ४०० झेपतं आणि वेळही कितीतरी नीट धरतो. ईएसपी३२ बोर्ड असेल तर त्यात दोन आयटूसी कंट्रोलर आहेत, संथ मंडळी दुसऱ्यावर टाका. आणि नुसता एलसीडी असेल तर १०० वर गप्प बसा, सोळा बाय दोनवर काय पिक्चर बघायचाय?

पुल-अपचा विचारच न करणं

याने डोक्याला सगळ्यात जास्त ताप दिलाय. आयटूसीत चिप लाइनला फक्त खाली ओढते, वर न्यायचं काम रेझिस्टरचं, आणि वायरची कपॅसिटन्स जितकी जास्त तितकी लाइन वर जायला रेंगाळते. १०० किलोहर्ट्झला त्यासाठी जास्तीत जास्त १००० नॅनोसेकंद चालतात, ४०० ला फक्त ३००. हिशोब ०.८५ गुणिले आर (रेझिस्टर) गुणिले सी (कपॅसिटन्स), एवढाच. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो.

रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये टेम्परेचर लॉगर लावायचा होता. बनवणारा पोरगा ओळखीतला, टेबलावर झकास चालवून दाखवला त्याने. साइटवर सेन्सर पॅनेलपासून चार मीटरवर न्यायचा म्हणून लॅन केबल ओढली आणि रीडिंग गायब. मधेच एखादं बरोबर यायचं, मग बराच वेळ काही नाही. त्याने लायब्ररी बदलली, मग बदललेली लायब्ररी बदलली, मग रीडिंग आलं नाही की बोर्ड आपोआप रीसेट होईल असा कोड घातला, आणि शेवटी भर पावसात गाड्या बदलत मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठून नवे सेन्सर घेऊन आला, का तर "दादा, आधीचे डुप्लिकेट निघाले." नवेही डुप्लिकेट निघाले म्हणे! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी केबलच्या टोकाला ऑसिलोस्कोपचा प्रोब लावला. एससीएलवर, म्हणजे क्लॉकच्या वायरवर, चौकोनी पल्स दिसायला हवेत, तिथे करवतीचे दाते दिसत होते, लाइन हळूहळू चढतेय आणि पूर्ण वर पोचायच्या आत परत खाली. फ्रीक्वेन्सी मोजली तर तीही ४०० नव्हती, कारण लाइन वर गेलेली दिसल्याशिवाय मास्टर, म्हणजे क्लॉक देणारी मुख्य चिप, पुढचा वेळ मोजायलाच घेत नाही. लॅन केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण ५० पिकोफॅरड, चार मीटरची २००, आणि पुल-अप म्हणून सेन्सरच्या मॉड्यूलवरचे १० के (किलोओहम) तेवढे. करा गुणाकार. १७०० नॅनोसेकंद येतात. ४०० सोडा, हे १०० लाही बसत नाही. वर त्याने एसडीए (डेटाची वायर) आणि एससीएल एकाच पिळाच्या जोडीत घातलेले, म्हणजे एकीचा आवाज दुसरीत. ३.३ व्होल्टला २.२ के लावले, एसडीएची जोडी ग्राउंडबरोबर आणि एससीएलची सप्लायबरोबर केली, क्लॉक १०० वर आणला. जुनेच सेन्सर परत लावले, ते अजून तिथेच आहेत. बरं, तापमान वाचायचं होतं मिनिटाला एकदा. मिनिटाला एकदा! त्याला ४०० कशाला हवं होतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

उलटी चूकही होते. पाच मॉड्यूल एकाच बसवर, प्रत्येकावर आपापले ४.७ के, सगळे पॅरलल होऊन ९४० ओहम. ५ व्होल्टला चिपला पाच मिलिॲम्पियरच्या वर ओढावे लागतात आणि तिची हमी असते ३ ची. एक जोडी ठेवा, बाकीचे रेझिस्टर उपटा. आणि ॲटमेगाच्या, म्हणजे आर्डुइनोवरच्या चिपच्या, आतल्या पुल-अपवर भागवत असाल तर ते २० ते ५० के असतात, त्यावर भिस्त ठेवू नका.

चिप स्वतः किती मेगाहर्ट्झला पळतेय हे माहीत नसणं

३.३ व्होल्टचा आर्डुइनो प्रो मिनी बोर्ड ८ मेगाहर्ट्झचा असतो. मेनूतून १६ वाला निवडलात तरी कोड बिनतक्रार अपलोड होतो, आणि मग सगळंच निम्म्यावर, आयटूसी १०० ऐवजी ५०, सिरीयल मॉनिटरवर ९६०० ला कचरा आणि ४८०० ला नीट मजकूर.

कोरी ॲटमेगा३२८पी तर फॅक्टरीतून १ मेगाहर्ट्झवर येते, आतला ८ चा ऑसिलेटर आणि त्याला आठने भागणारा फ्यूज (चिपमधली सेटिंग). प्रोग्रामरचा, म्हणजे चिपमध्ये कोड भरणाऱ्या यंत्राचा, क्लॉक चिपच्या क्लॉकच्या पाव पटीपेक्षा कमी लागतो, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या खाली, आणि यूएसबीएएसपी हा प्रोग्रामर बाय डिफॉल्ट ३७५ ने बोलतो. मग टार्गेट उत्तर देत नाही असा एरर येतो आणि पोरं चांगली चिप कचऱ्यात टाकतात. स्लो क्लॉकचा जंपर लावा किंवा एव्हीआरड्यूड या कोड चढवणाऱ्या सॉफ्टवेअरला कॅपिटल बी चा पर्याय देऊन क्लॉक खाली आणा. आणि चिप त्याच १ मेगाहर्ट्झवर ठेवून आर्डुइनोच्या आयटूसीसाठीच्या 'वायर' लायब्ररीकडे १०० मागाल तर अजून मजा आहे, तिच्या सूत्रात उत्तर उणे ३ येतं, रजिस्टर आठ बिटांचं असल्यामुळे त्यात २५३ जाऊन बसतात आणि बस २ किलोहर्ट्झच्याही खाली रांगायला लागते. १ मेगाहर्ट्झवर या चिपला ६२.५ च्या वर जाताच येत नाही.

म्हणून कुठलाही बोर्ड हातात आला की मी आधी एक सेकंदाचा ब्लिंक (एलईडी चालू-बंद करणारा कोड) टाकतो आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघतो. पोरं हसतात, हसू देत.

आता भराभर

क्लॉक ठरवणारं सेटक्लॉक हे आयटूसी सुरू करणाऱ्या बिगिनच्या नंतर लिहा. ॲटमेगावर बिगिन चालला की क्लॉक परत १०० होतो.

एसपीआय (चिप जोडायची दुसरी, जास्त वेगवान पद्धत) ८ मेगाहर्ट्झला अडला तर आधी १ ला आणा. चालला तर दोष वायरिंगचा, नाही चालला तर मोड नाहीतर चिप सिलेक्ट तपासा. वीतभर जंपर वायरी आणि ब्रेडबोर्डवर ८ ची अपेक्षा ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

एसडी कार्ड सुरुवातीला १०० ते ४०० किलोहर्ट्झमध्येच जागं होतं, लायब्ररीतली ती ओळ "ऑप्टिमाइझ" करू नका.

आयटूसीचा मॉसफेटवाला लेव्हल शिफ्टर (३.३ आणि ५ व्होल्टची जुळणी करणारा) फास्ट एसपीआयला लावू नका, त्यातही तेच १० के आहेत.

स्वस्तातला २४ मेगाहर्ट्झचा लॉजिक ॲनालायझर घ्या जरूर, पण तो फक्त शून्य आणि एक दाखवतो, करवतीचे दातेही त्यात मस्त चौकोनी दिसतात.

आणि यूएआरटी, म्हणजे सिरीयल. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ११५२०० मागितलं की मिळतात ११७६४७, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर चूक, आणि समोरचा आतल्या ऑसिलेटरवर चालत असेल तर त्याची चूक वेगळीच. ३८४०० ला हीच चूक ०.२ टक्के आहे. डीबग प्रिंट वाचायला तेवढा स्पीड भरपूर होतो.