फॉस्टरकडून कुत्रा दत्तक घेताय? या चुका टाळा

दत्तक दिल्यानंतर दुसऱ्या रात्री येणारा फोन आता मला पाठ झालाय. "ताई, हा काहीच खात नाहीये. टेबलाखालून बाहेरच येईना. तुमच्या व्हिडिओत तर किती खेळत होता!"

खेळत होताच. पण माझ्या घरात त्याला तीन महिने झाले होते, तुमच्याकडे तीस तास झालेत.

गेली काही वर्षं पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एखादा तरी कुत्रा मुक्कामाला असतोच. फॉस्टरवर चालणाऱ्या रेस्क्यू ग्रुपकडे पिंजऱ्यांची रांग नसते. रस्त्यावरून उचललेलं, उपचार झालेलं जनावर दत्तक जाईपर्यंत कुणाच्या तरी घरात राहतं; त्याला तात्पुरतं सांभाळणारा तो फॉस्टर. म्हणजे तो कुकरच्या शिट्टीला घाबरतो का, हे सांगणारा माणूस तुम्हाला कुत्र्याबरोबर आयता मिळतो. बहुतेक चुका होतात त्या या माणसाला काही न विचारल्यामुळे, नाहीतर त्याच्यापासून लपवल्यामुळे.

लपवालपवी दत्तकाच्या फॉर्मपासूनच सुरू होते. "घरात सगळ्यांची संमती आहे?" पुढे ठळक "हो". आम्ही होम चेकला, म्हणजे घर बघायला गेलो की आजी दारातच विचारतात, "किती दिवस राहणार हा?" दिवसाचे नऊ तास घर बंद असतं, हेही लोक सांगत नाहीत. अहो, सांगा. अशा घरासाठी अवखळ पिल्लू नको, पण चार-पाच वर्षांची शांत कुत्री दुपारभर झोपून काढते. सोसायटीवाल्यांचा बाऊ करू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची संमती मात्र आधी लेखी घ्या.

फोटो बघून कुत्रा पक्का करू नका. फॉस्टरच्या घरी जाऊन तासभर जमिनीवर बसा, तो आपणहून जवळ येतो का बघा. मग विचारा: शी-शूला किती वाजता नेता? एकटा राहिला तर काय करतो? मांजर चालतं का? जेवताना भांड्याला हात लावला तर गुरगुरतो का? गोचिडांचं औषध शेवटचं कधी दिलं? लसीचं कार्ड डॉक्टरांच्या सहीसकट हातात घ्या. पिल्लाची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस, आणि रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास. तुमच्या घरात अलीकडे एखादं पिल्लू पार्व्होने (उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने) गेलं असेल तर ते आधीच सांगा. तो विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो, लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू तिथे आणायचंच नाही.

सगळ्यात महागात पडते ती पहिल्या आठवड्यात पळून जाण्याची चूक. घाबरलेला कुत्रा मागे सरकतो आणि गळ्यातला पट्टा डोक्यावरून अलगद निघतो. आमची एक कुत्री अशीच नव्या घराच्या पार्किंगमधून निसटली. लाजेपोटी त्या कुटुंबाने आम्हाला सहा तास कळवलंच नाही. सगळे टॉर्च घेऊन तिच्या मागे धावत "कोको, कोको" ओरडत होते. ते नाव ठेवून दोन दिवस झालेले. ती हाक आपल्याला आहे, हे तिला कसं कळणार? तिसऱ्या रात्री तिच्या फॉस्टरने जुन्या नावाने हळूच हाक मारली आणि ती टेम्पोखालून बाहेर आली. म्हणून पहिला महिनाभर हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही घाला, दोन्हींना दोरी लावा. दार उघडण्याआधी कुत्रा दुसऱ्या खोलीत. निसटलाच तर मागे धावू नका, पहिला फोन फॉस्टरला करा. आणि दिवाळीच्या तोंडावर दत्तक घेऊच नका, फटाके संपू द्या.

आता त्या टेबलाखालच्या गड्याकडे येऊ. पहिल्याच दिवशी त्याला आंघोळ घातलेली, शेजारची सात मुलं बघून गेलेली, ताटलीत नवं महागडं खाणं. मी त्याच्यासोबत दिलेली जुनी चादर? "ती ना, मशीनला लावली." चादर मळकीच हवी होती, तिलाच ओळखीचा वास होता! मोठा कुत्रा पाणी पीत असेल तर दिवसभर जेवला नाही तरी घाबरू नका. फॉस्टरकडे खात होता तेच, त्याच वेळेला ठेवा आणि बाजूला व्हा. पिल्लू जेवत नसेल, किंवा कुठल्याही वयाच्या कुत्र्याला उलट्या, रक्ताची शी किंवा ताप असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. अंगावर गोचीड सापडली असेल तर तेही सांगा, गोचिडांच्या आजारासाठी रक्त तपासून प्लेटलेट बघतील.

घरात शू केली तर नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही. त्याच्या जुन्या वेळा पाळा आणि जागा एन्झाइमच्या क्लीनरने पुसा. वास राहिला की तो पुन्हा तिथेच जाणार. गुरगुरल्याबद्दलही मारू नका. गुरगुर ही सूचना असते. ती बंद केलीत तर पुढच्या वेळी थेट दात लागतील.

एवढं करूनही काही घरांत नाहीच जमत. करारात कुत्रा ग्रुपलाच परत करायचा असं लिहिलेलं असतं, तरी लोक संकोचाने तो वॉचमनला नाहीतर ओळखीतल्या फार्महाऊसवर देऊन मोकळे होतात. दहाव्या दिवशी "नाही जमत हो" असा फोन आला तर मी रागावत नाही, पलंगाखालून चादर काढते.