दगडखाण येण्याआधी विहीर मोजून ठेवा

पुण्याला लागणारी खडी वाघोली, लोणीकंद, मोशीसारख्या भागांतल्या काळ्या दगडातून निघत आली. शहर पसरतं तशा खाणी पुढच्या गावांकडे सरकतात. गावाची तक्रार बहुतेक वेळा खरी असते, पण टिकत नाही. खाण येण्यापूर्वी विहिरीत किती पाणी होतं, भिंतीला तडा होता की नव्हता, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून तक्रारीच्या अर्जाआधी मोजमाप करा.

विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच पाण्यापर्यंतची खोली मोजा. टेपला वजन बांधून सोडा. मोजायचं ते सकाळी, मोटार सुरू होण्यापूर्वी. उपसा झाल्यावरचा आकडा कुणी धरणार नाही. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे हे महिने चुकवू नका. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येतात. खाणीजवळच्या चार-पाच विहिरींबरोबर दीड-दोन किलोमीटरवरच्या दोन विहिरीही घ्या. त्या नसतील तर ‘यंदा पाऊसच कमी झाला’ या उत्तरापुढे तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या दगडात, पाणी मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत असतं. खाणीचा खड्डा त्या पातळीखाली गेला की आजूबाजूचं पाणी खड्ड्याकडे उतरतं, आणि खाणवाले ते पंपाने बाहेर टाकतात. तो पंप किती तास चालतो आणि पाणी कुठे सोडतात, हेही वहीत लिहा.

तड्यांचं काम थोडं नाजूक आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घाला. मग तड्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंना अराल्डाइटने चिकटवा. तडा रुंदावला की काच फुटते. गिलावा पोकळ वाजत असेल तर तेवढा खरवडून पट्टी थेट विटेवर लावा, नाहीतर गिलावाच सुटतो आणि काच शाबूत राहते. सुरुंगाची तारीख आणि वेळ मिनिटासकट नोंदवा. खाणमालकाच्या मालकीची नसलेल्या साध्या घरांसाठी सुरुंगाच्या कंपनाची मर्यादा 8 हर्ट्झखाली (सेकंदाला 8 पेक्षा कमी हेलकावे) सेकंदाला 5 मिलिमीटर आहे. वारंवारता वाढते तशी ती 10 आणि 15 पर्यंत जाते. कंपनमापक खाणीच्या कुंपणावर नाही, तुमच्या घराच्या पायाशी लावा, अशी लेखी मागणी करा.

आता कागद. माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू) शाखेकडे खाणपट्ट्याचा, म्हणजे खाणीसाठी दिलेल्या जमिनीच्या पट्ट्याचा, आदेश, सीमा नकाशा आणि खाणकाम आराखडा मागा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे क्रशरचं, म्हणजे दगड फोडून खडी करणाऱ्या यंत्राचं, संमतिपत्र. ‘खाण कशी काय दिली?’ असं विचारू नका, गट नंबर घालून प्रत मागा. पर्यावरण मंजुरी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर मिळते. तिच्यातल्या अटी एकेक करून जागेवर तपासा. क्रशरला वारा अडवणारी भिंत, पाण्याचे फवारे आणि आवारात पक्का रस्ता असलाच पाहिजे.

पर्यावरण मंजुरीआधीच्या जनसुनावणीबाबत फसगत होते ती क्षेत्रामुळे. 5 हेक्टरपर्यंतच्या एकट्या पट्ट्याला सुनावणी लागत नाही, म्हणून एकाच डोंगरावर साडेचार-साडेचार हेक्टरचे तुकडे पडतात. पण एकमेकांपासून 500 मीटरच्या आतले पट्टे समूह म्हणून मोजायचे असतात, आणि बेरीज 5 हेक्टरच्या वर गेली तर सुनावणी मागता येते. नकाशावर अंतरं मोजून तेच पत्रात लिहा. सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी निघावी लागते. तिथे बोललेलं इतिवृत्तात नीट येईलच असं नाही, म्हणून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. इतिवृत्त त्याच ठिकाणी मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. ते वाचून दाखवल्याशिवाय उठू नका.

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांचा हक्क याहून मोठा आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाच्या पट्ट्याला ग्रामसभेची पूर्वशिफारस लागते. ठरावात गट नंबर आणि हजेरी असू द्या.

परवान्याबाहेर उत्खनन दिसलं तर तहसीलदारांकडे जा. जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजून ब्रासमध्ये लिहायला लावा. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. ‘मोठा खड्डा आढळला’ एवढ्यावर दंड काढता येत नाही.

पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यातच आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्धच्या अपिलाला 30 दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी 60. त्यानंतर एक दिवसही माफ होत नाही. मंजुरी संकेतस्थळावर आली की मुदत सुरू झाली असंच धरा. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी 1000 रुपये आहे. नुकसानभरपाईच्या अर्जाला मात्र 5 वर्षांची मुदत आहे, आणि त्याची फी मागितलेल्या रकमेवर ठरते.