तंबूत राहायचंय, पण हाल नकोत?

आजी-आजोबा, लहान मुलं आणि गुडघे दुखणारी मावशी असा लवाजमा असेल, तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जा आणि शिवसागर जलाशयाच्या काठी एकच रात्र काढा. बुकिंग करताना जेवणाचं विचारण्याआधी संडासाची चौकशी करा: पक्का आहे का, कमोड आहे का, तंबूपासून किती लांब, वाटेवर रात्री दिवा असतो का. फोटो मागवाच.

थंडी जमिनीतून चढते. म्हणून अंगावर दुसरं ब्लँकेट घेण्याआधी गादीखाली जाड सतरंजी किंवा फोमची मॅट घाला. ज्येष्ठांसाठी खाट मागा. हिवाळ्यात पाण्याकाठी दव पडतं. तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासातली वाफ कापडावर आतून जमते आणि पहाटे अंथरूण ओलसर लागतं. शेगडी किंवा निखारे मात्र आत कधीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जाऊ शकतो.

स्वयंपाकाचं आधीच गावात सांगून ठेवा. गरम पिठलं-भाकरी मिळते, आणि घरातल्या बायकांना सुट्टी मिळते, ती मिळायलाच हवी. रस्ता घाटाचा आहे, उजेडातच पोचा.