असंसर्गजन्य आजारांचा प्रश्न नाशिकहून जिनिव्हापर्यंत कसा न्यावा

हृदयविकार, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनाचे दीर्घकालीन विकार अशा असंसर्गजन्य आजारांविषयीचे जागतिक निर्णय जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेत, किंवा न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांत, होतात. मात्र तेथे मत देतात ती सरकारे, संस्था नव्हेत. त्यामुळे नाशिकमधील एखाद्या संस्थेने, रुग्णगटाने किंवा डॉक्टरांच्या मंडळाने आंतरराष्ट्रीय पाठपुराव्यात उतरायचे ठरवले, तर पहिले पत्र दिल्लीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे जायला हवे, आणि त्या पत्रात आपल्या जिल्ह्यात पाहिलेली एकच गोष्ट नेमकेपणाने मांडलेली हवी.

ती एक गोष्ट निवडण्यासाठी घाई करू नये. उपकेंद्रात तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी चालू असते तेव्हा, संबंधितांची परवानगी घेऊन, आशाताईंच्या शेजारी बसावे. ‘मावशी, तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही बाई’ असे उत्तर येते आणि रकान्यात तसे लिहिलेही जाते. पण ‘सकाळी मिश्री लावता का?’ असे विचारले की तीच मावशी सहज ‘हो, ती लावते की’ म्हणते. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच, आणि तिचाही तोंडाच्या कर्करोगाशी संबंध आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात 10.7 टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे 21.4 टक्के आहेत. जागतिक चर्चेत सिगारेटला मिळणारी जागा पाहता, हा फरक ठामपणे मांडण्याचे काम आपल्याकडच्या लोकांनीच करायला हवे, असे मला मनापासून वाटते.

मुद्दा ठरला की तो ज्या दस्तऐवजाला बांधता येईल तो शोधावा. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील 3.4 हे लक्ष्य सांगते की असंसर्गजन्य आजारांमुळे होणारे अकाली मृत्यू 2030 पर्यंत एक तृतीयांशाने कमी व्हावेत. सप्टेंबर 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांची या विषयावरील चौथी उच्चस्तरीय बैठक झाली. तिच्यासाठी तयार झालेल्या राजकीय घोषणापत्रात 2030 पर्यंत तंबाखू वापरणाऱ्यांची संख्या 15 कोटींनी घटवण्याचे लक्ष्य आहे. त्या घटीचा हिशेब करताना मिश्री लावणारी स्त्री मोजली जाणार का, हा प्रश्न नाशिकहून विचारता येतो, आणि तो थेट त्या घोषणापत्राच्या अंमलबजावणीशी जोडलेला असल्याने टाळणे अवघड जाते. ‘जनजागृती व्हावी’ अशी मागणी कोणीही मान्य करते आणि कोणीही विसरते.

जागतिक यादीत आपला विषय नसला तरी निराश होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या या आजारांविषयीच्या 2013 च्या आराखड्यात नऊ लक्ष्ये होती. भारताने आपल्यापुरते दहावे लक्ष्य जोडले, ते घरातील चुलीच्या धुराविषयीचे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या 2018 च्या उच्चस्तरीय बैठकीत वायुप्रदूषण आणि मानसिक आरोग्य हे दोन्ही विषय जागतिक मांडणीत आले. पेठ किंवा सुरगाण्यातील चुलीसमोर बसणाऱ्या बाईच्या श्वासाचा प्रश्न आज ज्यांना मांडायचा आहे, त्यांनी हा इतिहास पत्रात अवश्य नमूद करावा.

वेळापत्रक मात्र काटेकोरपणे सांभाळावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यकारी मंडळाची मुख्य बैठक वर्षाच्या सुरुवातीला होते आणि जागतिक आरोग्य सभा, म्हणजे सर्व सदस्य देशांची सभा, साधारणतः मे महिन्यात भरते. सभेत मजकूर बदलण्यास फारसा वाव उरत नाही, म्हणून आपले निवेदन त्याच्या कितीतरी आधी, मसुद्यावर सूचना मागवल्या जातात तेव्हाच पोहोचले पाहिजे. संघटनेचे आग्नेय आशिया विभागीय कार्यालय दिल्लीतच आहे. निवेदनाची प्रत तेथेही द्यावी. सभागृहात बोलण्याची संधी संघटनेशी अधिकृत संबंध असलेल्या बिगरसरकारी संस्थांना मिळते. लहान संस्थेने अशा एखाद्या संस्थेशी किंवा असंसर्गजन्य आजारांवर (इंग्रजीत एनसीडी) 2009 पासून काम करणाऱ्या एनसीडी अलायन्ससारख्या जागतिक आघाडीशी संपर्क ठेवून आपला मुद्दा त्यांच्या निवेदनात घालून घ्यावा.

निवेदन आधी मराठीत लिहावे आणि मगच इंग्रजीत आणावे, म्हणजे नेमके काय हवे आहे याविषयी आपल्याच मनात गोंधळ राहत नाही. बोलायला मिळालेच तर एखाद-दोन मिनिटांचा वेळ मिळतो. त्यात जिल्ह्याचे वर्णन, संस्थेचा परिचय आणि आभार यांना जागा नसते. ‘तंबाखूविषयक प्रत्येक पाहणीत मिश्रीसह स्थानिक धूरविरहित प्रकारांची स्वतंत्र नोंद सदस्य देशांनी करावी आणि सोडण्यासाठीची मदत त्या वापरकर्त्यांपर्यंतही पोहोचवावी’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. आकडे देण्यापूर्वी ते जाणकारांकडून तपासून घ्यावेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच असल्याने त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांची मदत मागता येते. एखाद्या रुग्णाचा अनुभव वापरायचा असेल, तर तो कोठे आणि कोणासमोर वाचला जाणार आहे हे त्यांना समजावून सांगून लेखी संमती घ्यावी, आणि शक्य असेल तेथे त्यांनाच बोलू द्यावे.

निधी कोठून येतो, हे आधीच लेखी जाहीर करावे. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराचे कलम 5.3 आरोग्यविषयक धोरणे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवण्यास सांगते. भारताने हा करार 2004 मध्ये स्वीकारला आहे. अशा उद्योगाकडून एखाद्या शिबिरासाठी घेतलेले प्रायोजकत्वही पुढे संपूर्ण पाठपुरावा निकामी करू शकते, त्यामुळे ते नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत नाकारावे.

बैठक संपल्यावर मंजूर झालेल्या मजकुराचा मराठी सारांश करून तो जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महापालिकेचा वैद्यकीय विभाग यांना पत्रासोबत द्यावा, पोच घ्यावी, आणि उपकेंद्रातील नोंदींत मिश्रीची वेगळी विचारणा केव्हापासून सुरू होईल, याचे लेखी उत्तर मागावे. ते उत्तर, किंवा ते न आल्याची नोंद, पुढच्या वर्षीच्या निवेदनाला जोडावी.