शुगर, गुडघे, दमा, बीपी असताना व्यायाम करताय? या चुका टाळा

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." फिजिओथेरपीच्या कामात हे वाक्य रोज ऐकायला मिळतं. कधी चालता, काय खाऊन, कोणत्या गोळ्या घेऊन, पायात काय घालून, असं विचारलं की समोरचा माणूस जरा चिडतोच. चालण्यात विचारण्यासारखं काय आहे?

आहे. जुना आजार असलेल्याला व्यायाम जितका लागतो तितका धडधाकट माणसालाही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम असं सांगितलं, तेव्हा मधुमेह, रक्तदाब, कर्करोगातून बरे झालेले अशांनाही त्यात धरलं होतं. पण आपल्याकडे गोळ्यांचं डॉक्टर बघतात, व्यायामाचं बागेतला ग्रुप बघतो, आणि दोन्हींची एकमेकांशी गाठ कधी पडत नाही. खालच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

गोळी घेतली, खाल्लं नाही, टेकडी चढले

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगतो.

माझे एक पेशंट, बँकेतून निवृत्त, शिस्तीचे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या चालू. त्या दिवशी संकष्टी होती. गोळी चुकवायची नाही हे डोक्यात इतकं पक्कं, की सकाळी गोळी घेतली, वर बिनसाखरेचा चहा घेतला आणि पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर निघाले. आदल्या दिवशी लग्नात जेवण जरा जास्त झालं होतं, म्हणून एक फेरी वाढवली. उतरताना आधी गप्प झाले, मग सोबत्यांवर विनाकारण डाफरायला लागले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. कुणी म्हणालं पित्त आहे, कुणी म्हणालं बीपी. एकजण धावत जाऊन लिंबूसरबत घेऊन आला. बिनसाखरेचं, मीठ घालून. का, तर काकांना शुगर आहे ना!

ते सरबत पिऊन काका कट्ट्यावर बसून राहिले. जीभ जड व्हायला लागली तेव्हा कुठे कुणीतरी गाडी काढली. दवाखान्यात साखर निघाली 46. ग्लुकोजचं सलाइन लावल्यावर काही मिनिटांत माणूस ताळ्यावर आला, तरी संध्याकाळपर्यंत घरी सोडलं नाही. ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ राहतो, त्यामुळे साखर एकदा वर आणली तरी पुन्हा घसरू शकते.

नंतर काकांनी मला विचारलं, "मग आता चालणं बंद करू का?" लोकांना दोनच टोकं दिसतात, हा माझा जुना राग आहे.

झालं काय ते नीट समजून घ्या. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. मधुमेहात चालण्याचा फायदा होतो तो याचमुळे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. पोट रिकामं, गोळी आत आणि पाय टेकडीवर, तर साखर खाली जाणारच. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. म्हणून शेजारचे जोशीकाका वर्षानुवर्षं उपाशीपोटी चालतात आणि त्यांना काही होत नाही, हा पुरावा तुमच्या कामाचा नाही. त्यांच्या गोळ्यांची पाकिटं वेगळी आहेत.

मी काय करायला लावतो ते सांगतो. सुरुवातीचे काही आठवडे निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघायची. 90 च्या खाली असेल तर अर्धं केळं किंवा दोन-तीन खजूर खाऊन निघायचं. 70 च्या खाली असेल तर चपला काढून ठेवायच्या, आधी साखर वर आणायची. त्यासाठी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच, आणि मग नीट काहीतरी खायचं. चॉकलेट, बिस्किटं, दूध ही त्या वेळेची औषधं नव्हेत. त्यातली चरबी साखरेला रक्तात लवकर पोचू देत नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा. खिशात ग्लुकोजची पुडी कायम असावी. आणि साखर उपासाला चालते, तेवढं धर्मशास्त्र मलाही येतं! उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते मात्र आदल्या भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा. मनाने बंद करू नका आणि मनाने घेऊही नका.

ज्यांना पहाटेचं झेपत नाही त्यांना मी जेवणानंतरचं चालणं देतो, दहा-पंधरा मिनिटांचं, दोन्ही जेवणांनंतर. जेवल्यावर चढणारी साखर त्याने चांगली आटोक्यात राहते. पहाटे उठल्याशिवाय व्यायाम मोजलाच जात नाही, ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. चालायला जाण्याआधी सुई मांडीत टोचू नका, तिथून औषध लवकर शोषलं जातं. आणि संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त दमछाक झाली असेल तर साखर रात्री झोपेतही उतरू शकते, तेव्हा झोपताना एकदा मोजा.

दवात अनवाणी

सकाळी ओल्या हिरवळीवर अनवाणी चाललं की नजर सुधारते, असा एक फॉरवर्ड दर पावसाळ्यात उगवतो. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेल्या माणसासाठी यापेक्षा वाईट सल्ला शोधून सापडणार नाही. एका गृहस्थांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. त्यांना पत्ता नाही. बायकोला मोज्यावर डाग दिसला तोवर आत पू झालेला. ‘दुखलं असतं तर कळलं असतं ना’, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. तीच तर अडचण आहे.

वर्षातून एकदा तळव्यांची तपासणी करून घ्या. नायलॉनचा एक जाड धागा टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम. मोजे पांढरे घाला, डाग लगेच दिसतो. बूट घालण्याआधी उलटा करून झटका. आणि बूट संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं मिळतं.

"गुडघ्यांची झीज झालीय, आता वापरायचे नाहीत"

एक्स-रेचा रिपोर्ट हातात आला की माणूस जिना सोडतो, मग बाजार सोडतो, मग मांडीचे स्नायू त्याला सोडतात. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातूनच तिला पोषण मिळतं, आणि तो द्रव आत-बाहेर व्हायला सांध्यावर भार यावा लागतो, जावा लागतो. गुडघा ‘वाचवून’ ठेवल्याने कूर्चा वाचत नाही. मांडीचा पुढचा स्नायू मात्र बारीक होतो, आणि तो बारीक झाला की प्रत्येक पावलाचा धक्का सरळ सांध्यात बसतो.

हे पटलेल्यांची गाडी मग दुसऱ्या बाजूला घसरते. एक काकू होत्या. उशी गुडघ्याखाली ठेवून दाबणं, खुर्चीत बसून पाय सरळ करणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, एवढंच दिलं होतं. नेमाने करायच्या. दुखणं कमी झालं, रात्रीची झोप लागायला लागली. एका रविवारी भाची आली आणि काकू म्हणाल्या, चल पर्वतीला. 103 पायऱ्या चढून दर्शन झालं, वर भेळ झाली, उतरताना गुडघा कुरकुरला तरी गप्पांच्या नादात उतरल्या. सोमवारी गुडघा भोपळ्यासारखा. मग क्रेप बँडेज, गोळ्या, अंथरूण, आणि ‘मला व्यायाम सोसत नाही’ हा निष्कर्ष. आमचं सगळं पुन्हा उशी दाबण्यापासून सुरू.

व्यायाम सोसला नाही असं नव्हे. व्यायामाने मिळालेली सगळी कमाई एका रविवारी उधळली. त्यातही उतरणं चढण्यापेक्षा गुडघ्याला जास्त त्रास देतं, हे लोकांच्या गावीही नसतं.

माझा नियम साधा आहे. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल, किंवा सूज असेल, तर काल जास्त झालं. बंद करायचं नाही, निम्मं करायचं. आणि बरं वाटतंय त्या दिवशी ठरल्यापेक्षा एकही जास्त नाही. लोकांना वाईट दिवशी आवरावं लागत नाही, चांगल्या दिवशी आवरावं लागतं. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे तर दारावर चिकटवून ठेवा. वजन किलोभर उतरलं तरी चालताना गुडघ्यावरचा भार त्याच्या चौपट हलका होतो, तेव्हा ‘दोन किलोने काय होणार’ असं म्हणू नका.

नी-कॅप चोवीस तास घालून बसणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. मांडी मोजून दाखवतो.

बाकीच्या, थोडक्यात

दमा आणि फुप्फुसांचे जुने आजार: दम लागतो म्हणून बसून राहायचं, बसून राहिल्याने पाय कमजोर व्हायचे, आणि मग न्हाणीघरापर्यंत जातानाही दम लागायचा. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात काढलेल्या बायकांमध्ये हे फार बघायला मिळतं. डॉक्टरांनी सांगितला असेल तर पंप व्यायामाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यायचा. नाकाने श्वास आत, ओठांची शीळ घालावी तसा हळूहळू बाहेर. थोडा दम लागणं हे बिघडल्याचं लक्षण नाही, तो लागलाच पाहिजे. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन 88 च्या खाली गेला तर मात्र थांबा.

हृदयाच्या गोळ्या आणि नाडीची गणितं: 220 मधून वय वजा करून घड्याळात आकडा गाठायचा खेळ मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल घेणाऱ्यांनी खेळू नये. गोळीचं कामच नाडी दाबून ठेवण्याचं आहे, आकडा येणार कुठून? चालताना बोलता आलं पाहिजे आणि गाता येता कामा नये, एवढं पुरे. आणखी एक, साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या गोळ्या लपवतात. घाम लपत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवा.

बीपी: श्वास रोखून जोर लावू नका. वजन उचलताना दाब त्या क्षणापुरता भलता चढतो. मी पेशंटना मोठ्याने पाढे म्हणायला लावतो. पाढा म्हणणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही, आणि एकोणतिसाचाही सराव होतो.

डोळ्यांचा पडदा मधुमेहाने खराब झाला असेल तर शीर्षासन, सर्वांगासन आणि जड वजनं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. इथे योग-शिक्षकाचं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही.

आमवातात सांधा लाल, गरम असताना ताकदीचे व्यायाम बंद, नुसती हळुवार हालचाल. ओसरला की पुन्हा सुरू.

कोविडनंतर किंवा दुसऱ्या एखाद्या आजारानंतर ज्यांना थोड्या श्रमांनी दोन-दोन दिवस आडवं व्हावं लागतं, त्यांनी ‘रोज थोडं वाढवा’ हा मंत्र लावूच नये. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही दीर्घ थकव्याच्या आजारात अशी टप्प्याटप्प्याने ठरवून वाढ करू नका, असं 2021 साली सांगितलं.

"घरकाम करते की दिवसभर": करता, मान्य. त्याने थकवा येतो, मांडीची ताकद येईलच असं नाही.

कंप पावणारे पट्टे, मसाजची खुर्ची, पोटावर बांधायची मशीन: पैसे तुमचे आहेत.

दहा हजार पावलं

नवा घेतलेला, पावलं मोजणारा मनगटी पट्टा हे माझ्या दवाखान्यात येणाऱ्या टाचदुखीचं एक मोठं कारण आहे. काल दीड हजार, आज दहा हजार. हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असं होतं. तुम्ही आज जेवढं चालता त्यात आठवड्याला पाचशे घाला. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. पण चालण्याचं फळ पंधरा दिवसांत मागणारे सोळाव्या दिवशी दिसत नाहीत, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू न देणारे वर्षभराने डॉक्टरांशी गोळी कमी करण्याबद्दल बोलत असतात.

थांबायचं केव्हा

चालताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, गार घाम. यातलं काहीही झालं तर तिथल्या तिथे बसा. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती बसूनच घ्या, उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून पडाल. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर 108. मधुमेहाच्या पेशंटला छातीत न दुखता नुसता दम लागून किंवा मळमळूनही झटका येतो, म्हणून ‘गॅस असेल’ म्हणत फेरी पुरी करायची नाही. फोनच्या कव्हरमागे एक चिठ्ठी असू द्या: आजार, गोळ्यांची नावं आणि घरच्यांचा नंबर. ती असती, तर तळजाईवरच्या त्या सरबतात साखर पडली असती.